मागल्या जन्माची उधारी: पुनर्जन्माचे पिक्चर नव्यानं बघायला घेणाऱ्यांसाठी

आमच्या अडतीत हिशेबाला एक पोरगं नवीन लागलंय. परवा पोती मोजून झाल्यावर म्हणतंय, "दादा, तुमी ते मेलेली माणसं जेवायला येतात असले पिक्चर बघताय म्हणं, मला पण बघायचेत, कुठनं चालू करू?" उभ्या उभ्या सांगायला लागलो तर मधेच सौदा निघाला आणि ते अर्धवटच राहिलं, म्हणून आता नीट बसून लिहितोय, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी. मी काय फिल्म स्कूलला वगैरे गेलेलो नाही. सांगलीत हळदीच्या पेठेत दिवसभर असतो आणि शनिवारी रात्री हरिपूरला आत्तीच्या माळ्यावर टीव्ही लावून बसतो, तीन-चार जण जमतात, आत्ती तर असतेच.

पायरी १: आधी ओळखायला शिका

जादुई वास्तववाद, म्हणजे मॅजिकल रिअ‍ॅलिझम, हे नाव ऐकूनच निम्मी जनता पळून जाते. १९२५ साली फ्रान्झ रो नावाच्या जर्मन समीक्षकानं हा शब्द चित्रांसाठी वापरला, पुढं तो लॅटिन अमेरिकेतल्या कादंबऱ्यांना चिकटला आणि तिथनं सिनेमात आला, एवढं माहीत असलं तरी बास. मी ओळखतो ते वेगळ्याच खुणेनं. पिक्चरमध्ये अशक्य असं काहीतरी घडलं की पडद्यावरचं कोण दचकतंय का तेवढं बघायचं. किंचाळले, दिवा विझला, म्युझिक वाढलं की समजायचं भुताचा पिक्चर. पांढरा कोट घालून कोणतरी आला आणि मशीन दाखवून सगळं समजावून सांगायला लागला की सायन्स फिक्शन. आणि कुणी दचकलंच नाही, नुसतं "आलास होय, बस" म्हणलं, की तो आपला माल. झपाटलेला मला जाम आवडतो पण तात्या विंचू बाहुल्यात शिरल्यावर सगळे बोंबलत पळतात, त्यामुळं तो ह्यात धरायचा नाही.

आता काही जण म्हणतात हे असलं आपल्याला झेपत नाही, फॉरेनच्या लोकांचं आहे. अरे, घाटावर दहाव्याला आपण काय करतो मग? काकांच्या वेळचं सांगतो. पिंड ठेवलेला, पन्नासभर माणसं कृष्णेकडं तोंड करून गप उभी, त्यात इंजिनियर आहेत, बँकेतले आहेत, एक जण केमिस्ट्रीचा प्रोफेसर, आणि कावळे समोरच्या झाडावर बसलेत पण खाली उतरायला तयार नाहीत. कोणतरी हात जोडून म्हणलं पोरीचं लग्न आम्ही बघतो. नाही. विहिरीचा वाद मिटवतो म्हणले. नाही. शेवटी मागनं कोणतरी म्हणलं अरे तंबाखूची पुडी ठेवा की, ते कधी पुडीशिवाय घराबाहेर पडले होते का. पुडी ठेवली, चुन्याची डबी पण ठेवली, दोन मिनिटांत कावळा शिवला. पुडीला त्यानं चोच पण लावली नाही. प्रोफेसर साहेबांनी रुमालानं डोळे पुसले, गाडीला किक मारली आणि थेट लेक्चरला गेले. कोण दचकलं त्यात?

आणि जागेचं म्हणाल तर १८४३ साली ह्याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर उभं केलं. त्यांच्या नाटकांत आधी गणपती यायचा, मग सरस्वती मोरावर बसून यायची, राक्षस आले की असा आरडाओरडा करायचे की त्या नाटकांना लोक अललडुर्र नाटकं म्हणायला लागले. देव आत कसा आला हे कुणी विचारलं नाही, सूत्रधार गातोय, लोक बघतायत. त्या गावच्या माणसानं मला झेपत नाही म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

पायरी २: बसायची तयारी

लांबण लावत नाही. मोबाईलवर बघू नका, आणि बघायचंच असेल तर कानात हेडफोन घाला, कारण ह्या पिक्चरमध्ये निम्मं काम आवाज करतो, रातकिडे, पंखा, लांबनं येणारी मोटार. खोलीत अंधार पाहिजे. फोन दुसऱ्या खोलीत. ओटीटीवर आज असलेला पिक्चर उद्या नसतो, त्यामुळं दिसला की लगेच बघून टाका.

सबटायटल मात्र आधी दोन मिनिटं तपासा. आमच्या एका मित्रानं पेनड्राइव्हवर आणलेल्या पिक्चरचं सबटायटल वीसेक सेकंद पुढं पळत होतं. जेवणाच्या टेबलावर मेलेली बायको प्रकट होते असा सीन, तर खुर्ची रिकामीच आणि तिचं बोलणं आधीच खाली छापून आलं. आम्ही म्हणलं वा, काय डायरेक्टर आहे! अर्धा तास तसंच बघितलं, चर्चा पण केली त्याच्यावर.

पायरी ३: मधुमती, आणि तो पण घरातल्या जुन्या माणसाबरोबर

सुरुवात बाहेरच्या पिक्चरनं करू नका, हे माझं ठाम मत. मधुमती लावा. १९५८, बिमल रॉय, कथा ऋत्विक घटकांची, संवाद राजिंदर सिंग बेदींचे, संगीत सलील चौधरी, एडिटिंग हृषीकेश मुखर्जी. एवढी माणसं एका पिक्चरवर, आणि गाणी तर आत्तीला सगळीच्या सगळी पाठ.

सुरुवातच बघा. पावसाळी रात्र, दरड कोसळून रस्ता बंद, दिलीपकुमार आणि त्याचा मित्र एका जुन्या हवेलीत आसऱ्याला शिरतात, आणि ह्याला वाटायला लागतं की इथं आपण आधी येऊन गेलोय. मग एक चित्र सापडतं आणि ते आपणच काढलं होतं हे त्याला आठवतं, ह्या जन्मात नाही, मागल्या. इथं पॉज करून बाजूच्या माणसाला विचारा, तुला कधी असं झालंय का. आत्ती म्हणली, "लग्न हून ह्या घरात आले तवा माजघराची पायरी मला अंधारात बी घावली हुती." पिक्चर पुढं चालू करायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली.

आणि एक गंमत. ह्याचं शूटिंग रानीखेत, नैनीतालकडं केलेलं, पण परत येऊन निगेटिव्ह धुतली तर बरंचसं फुटेज धुरकट निघालं. परत तिकडं जाणं परवडणारं नव्हतं, मग इगतपुरीजवळ वैतरणा धरणाकडं खोटी पाइनची झाडं लावली, धूर सोडून धुकं केलं आणि तिथं उरलेलं शूट केलं. म्हणजे हिमालयातली म्हणून आपण जी आठवण बघतो तिच्यात निम्मं आपल्या नाशिक जिल्ह्यातलं धुकं आहे. हे मला फार आवडतं, कारण आपल्या पण आठवणी अशाच असतात, खरी झाडं किती आणि नंतर लावलेली किती कुणाला माहीत. हे पुढं परत येणार आहे, ध्यानात ठेवा.

घटक ढाक्यात जन्मलेले, फाळणीत घर तिकडं राहिलं. माझं आपलं मत आहे की त्या हवेलीत परत शिरणाऱ्या माणसात ते आहे. पटलं तर घ्या.

पायरी ४: खातेवही उघडा

इथं माझा धंदा मधे येतो त्याला इलाज नाही. पुनर्जन्माच्या कुठल्याही पिक्चरमध्ये एक खातं असतंय, मागल्या जन्मात कुणाचं कुणाकडं काय राहिलं. प्रेम राहिलं असेल, खून राहिला असेल, नुसता निरोप राहिला असेल. आणि मग पिक्चर दोन तऱ्हेचे होतात, वसुलीचे आणि बिनवसुलीचे.

वसुलीचा राजा म्हणजे सुभाष घईंचा कर्ज, १९८०. नावातच आलं सगळं. बायकोनं जीपखाली घालून मारलेला माणूस गायक होऊन परत जन्मतो आणि गिटारच्या एका सुरावटीनं त्याला सगळं आठवतं, मग व्याजासकट वसुली. २००७चा ओम शांती ओम त्याच पेढीची पुढची शाखा. राजामौलीच्या मगधीराला तर ४०० वर्षांची थकबाकी होती. हे पिक्चर वाईट नाहीत, मी शिट्ट्या मारल्यात, पण त्यांच्यात आठवण म्हणजे पुरावा असतो, कोर्टात दाखवायला ठेवलेला. मधुमतीत पण वसुली आहे, पण ती झाल्यावर पिक्चर संपत नाही, पुढं काहीतरी उरतंय, ते मी सांगत नाही.

नवीन माणसानं एवढंच करायचं, वही घ्या आणि दोन ओळी लिहा: आठवण कशानं जागी झाली, आणि कोण कुणाचं देणं लागतंय. मधुमतीत चित्र, कर्जमध्ये सूर. पाच-सहा पिक्चर झाले की तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल की चांगल्या पिक्चरमध्ये ती वस्तू साधी असते, रोजच्या वापरातली.

मधल्या मधे पहेली बघून घ्या, २००५, अमोल पालेकरांचा. पुनर्जन्म नाही ह्यात, पण नवऱ्याच्या रूपात घरात राहणारं भूत आहे आणि ते भूत नवऱ्यापेक्षा चांगलं वागतंय. विजयदान देथांच्या राजस्थानी कथेवरचा, त्याच कथेवर मणी कौलनी १९७३ला दुविधा केला होता, तो संथ आहे, नंतर बघा. ह्यातला खरा नवरा व्यापारी, लग्नाच्या रात्री पण हिशेबात बुडालेला आणि नंतर धंद्यासाठी पाच वर्षं गायब. आमच्या अडतीत हा पिक्चर कुणाला आवडला नाही, कारण उघड आहे.

पायरी ५: आता पासपोर्ट काढा

मेक्सिकोचा लाइक वॉटर फॉर चॉकलेट, १९९२. प्रियकराचं लग्न आपल्याच बहिणीशी लागतंय आणि केक हिलाच करावा लागतोय, पिठात अश्रू पडतात आणि तो केक खाल्लेले सगळे पाहुणे रडायला लागतात. ज्यांच्या घरात रागानं केलेली भाजी तिखट होते त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कोरियन-अमेरिकन पास्ट लाइव्ह्ज, २०२३, ह्यात जादू शून्य. दोन माणसं, लहानपणीची ओळख, मग विमानाएवढं अंतर. पण त्यात इन्यन म्हणून एक कल्पना आहे, की दोघांचं लग्न होतं म्हणजे मागल्या ८,००० जन्मांत ८,००० थर साठलेले असतात. आपला ऋणानुबंध. ऋण हा शब्द आपण त्यात घातलाच, बघा, प्रेमात पण उधारी.

पण ह्या पायरीवर एकच बघायचा असेल तर जपानचा आफ्टर लाइफ बघा, १९९८, हिरोकाझु कोरेएदा. मेलेली माणसं एका जुनाट सरकारी ऑफिससारख्या बिल्डिंगमध्ये येतात. देव नाही, चित्रगुप्त नाही, टेबलामागं बसलेले साधे कर्मचारी, आणि ते म्हणतात अख्ख्या आयुष्यातली एक आठवण निवडा, आम्ही तिचं शूटिंग करतो, ती बघितली की तुम्ही तीच घेऊन जाणार, बाकी सगळं जाईल. कोरेएदांनी आधी शेकडो लोकांना हाच प्रश्न विचारला होता आणि त्यातली काही माणसं पिक्चरमध्ये स्वतःचीच आठवण सांगताना दिसतात, त्यामुळं नट कुठला आणि खरा माणूस कुठला कळत नाही. एकाला विमानातनं बघितलेले ढग पाहिजे असतात, तर हे लोक कापसाचे ढग करून दोरीवर ओढतात. इगतपुरीचं धुकं आठवलं का? त्या ढगवाल्या माणसाचा चेहरा बघा तेव्हा. कापूस आहे हे त्याला दिसतंय आणि तरी तो उडतोय.

पिक्चर झाल्यावर आम्ही गोल बसून प्रत्येकानं आपली एक आठवण सांगायची ठरवलं. जमलं नाही. चार जणांत एकालाच सापडली, २०१९च्या पुरात होडीतनं बाहेर पडताना मांडीवर शेजाऱ्याचं मांजर होतं ती, आणि तो म्हणला की मला मांजर आवडत पण नाही.

पायरी ६: बूनमी काका

आता मोठा डोंगर. अंकल बूनमी हू कॅन रिकॉल हिज पास्ट लाइव्ह्ज, थायलंड, २०१०, त्या वर्षी कान महोत्सवात सगळ्यात मोठं बक्षीस, पाम द'ओर. डायरेक्टर अपिचातपोंग वीरसेथकुल. नाव जड जातंय म्हणून ते स्वतःच परदेशी लोकांना जो म्हणा सांगतात, आपण पण जोभाऊ म्हणू.

हा लगेच बघू नका म्हणून वर पाच पायऱ्या घातल्या. हरिपुरात हळद साठवायची पेवं होती, जमिनीखाली खोल, २००५च्या पुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. आत्तीचे सासरे पेवाचं काम करायचे. ती सांगते पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही, आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची, घाई केली तर माणूस आतच गुदमरतोय. ह्या पिक्चरची पहिली वीस मिनिटं तशीच धरा. झाडाला बांधलेली म्हैस, ती दावं तोडून रानात जाते, एक माणूस तिला शोधून परत आणतो. बोलणं नाही काही. माझ्याबरोबरच्या दोघांनी फोन काढला तिथंच. आत्ती म्हणली, "दावं कच्चं बांधलं हुतं," आणि पुढं सरकून बसली. बहुतेक ती म्हैस म्हणजे काकाच, मागल्या कुठल्या तरी जन्मातले, पण पिक्चर तसं सांगत नाही.

बूनमी शेतकरी आहे, किडनी गेलीय, घरीच पोटातनं नळी घालून डायलिसिस चालतंय. जोभाऊंचे आईवडील दोघं डॉक्टर, वडील किडनीच्याच आजारानं गेलेले, म्हणून ती नळी, पिशवी इतकी खरी वाटते. रात्री सोप्यावर जेवायला बसलेत, बूनमी, त्याची मेहुणी जेन आणि भाचा, आणि रिकाम्या खुर्चीत हळूहळू बायको दिसायला लागते, बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली. जराशी घाबरगुंडी उडते, पण जराशीच. फोटोचा अल्बम काढून तिला तिच्याच मयतीचे फोटो दाखवतात. त्याच रात्री जिन्यावरनं बूनमीचा हरवलेला मुलगा वर येतो, अंगभर केस, डोळे लाल, माकडाचं भूत झालेला, आणि त्याला मावशी काय विचारते, तर केस एवढे का वाढवलेस. इथं माझा पहिल्या पायरीचा नियम आठवा. आत्तीला इंग्रजी येत नाही म्हणून मी मराठीत सांगत होतो, ती म्हणली, "मावशीच ती, दुसरं काय इचारणार. आन् पितरं जेवणाच्याच टायमाला येत्यात."

खातं ह्यात पण आहे. बूनमी म्हणतो हा आजार माझ्या कर्माचा, मी लई कम्युनिस्ट मारले, आणि शेतातले किडे पण. थायलंडच्या त्या ईशान्य भागात १९६५पासनं लष्कर आणि कम्युनिस्टांची लढाई चालली होती, ते सगळं ह्या एका वाक्यात येऊन जातं. जेन म्हणते तू चांगल्या हेतूनं मारलेस. आमच्यात एक तासगावचा द्राक्षवाला आहे, दर हंगामाला किती फवारे मारतो ते त्याचं त्यालाच माहीत, तो ह्या वाक्यानंतर पिक्चर संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. पण बघा, कुणी वसुलीला येत नाही. बायको येते ती नळी बदलायला मदत करते. उधारी लिहिलेली आहे आणि मागणारा समोर बसून जेवण बघतोय, एवढंच. कर्ज आणि ह्याच्यात तीस वर्षांचं अंतर आहे पण मला वाटतं खरा फरक हा आहे.

मधे एक राजकन्या आणि एक मोठा मासा येतात, पाण्यात. ते मी समजावणार नाही, आणि लहान पोरं असतील तर आधी झोपवा.

पायरी ७: झोप आली तर

झोपा. खरंच. जोभाऊंनी स्वतःच सांगितलंय माझ्या पिक्चरला झोप लागली तर वाईट वाटून घेत नाही, आणि २०१८ला नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात त्यांनी चक्क लोकांना रात्रभर पलंग देऊन पडद्यासमोर झोपवलं होतं, सकाळी नाश्ता. फक्त परत उठलात की मागं नेऊ नका, तिथनंच पुढं बघा. एरवी आपण आयुष्य तरी कुठं रिवाइंड करतो. मेमोरिया, २०२१चा, कोलंबियात घेतलेला, त्यात एका बाईला एक धप्प असा आवाज ऐकू येत राहतो जो दुसऱ्या कुणालाच येत नाही, तिथं मात्र झोपलात तर पहिल्याच मिनिटाला दचकून उठाल, तेव्हा तो रात्री उशिरा नको.

बूनमीचा शेवट सांगतो, त्यानं मजा जात नाही. काका गेलेत, मयत झालीय. हॉटेलच्या खोलीत पलंगावर बसून जेन आणि एक पोरगी मयतीला आलेले पैसे मोजतायत, कोणाचं पाकीट किती. आमच्या पोराला मी हेच सांगणार आहे, बघ, शेवटी हिशेबच. भाचा भिक्षू झालाय, तो येऊन अंघोळ करतो, साधे कपडे घालतो, टीव्ही बघत बसतात. मग मावशी-भाचा बाहेर खायला जायला उठतात, दारातनं मागं बघतात तर ते दोघं अजून पलंगावरच बसलेत, टीव्ही बघत. आणि ते जातात. आणि ते बसलेलेच राहतात.

हा कुठला जन्म, कुठलं कर्म, ह्याच्यावर आमचं जे सुरू झालं ते साडेबारा वाजले तरी चालूच. द्राक्षवाला म्हणत होता आत्मा एकाच वेळी दोन जागी, दुसरा म्हणत होता एडिटिंगची चूक असेल. आत्ती मधेच कधी उठून खाली गेली कुणाला कळलं नाही. खालनं तिनं हाक मारली, भडंग कालवलंय, या. आम्ही "आलो, आलो" म्हणलं. थोड्या वेळानं परत हाक आली, "आरं, मगाशी तर पायऱ्या वाजल्या की, आता कुटं अडलाय?"